धक्क्यामागची जमीन

१८७० च्या सुमारास मुंबई सरकारने आपलाच किनारा विकत घेतला. विकणारी होती एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी. १८५८ मध्ये निघालेल्या या कंपनीला शहराच्या पूर्वेकडच्या उथळ पाण्यात भराव घालायची परवानगी याच सरकारने दिली होती. सौदा असा ठरला होता, की जीआयपी रेल्वेच्या स्थानकासाठी कंपनीने शंभर एकर जमीन तयार करून द्यायची आणि त्या बदल्यात अडीचशे एकर स्वतःसाठी भरून घ्यायची. तेव्हा हा व्यवहार सरकारला फायद्याचा वाटला असणार. पदरचा पैसा न घालता रेल्वेला जागा मिळत होती.

मधल्या काळात अमेरिकेतले यादवी युद्ध झाले. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले, आणि शहरात समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली तेव्हा त्यांतल्या बहुतेक कंपन्या कागदावरच होत्या आणि कागदासकट बुडाल्या. एल्फिन्स्टन कंपनीकडे मात्र खरीखुरी जमीन होती. धक्के होते, गोदामे होती, जहाजातून उतरणाऱ्या मालाची वाट तिच्या दारावरून जात होती. शहराचे बंदर एका खाजगी कंपनीच्या मुठीत जाणार हे व्यापाऱ्यांना दिसू लागले, मग सरकारलाही दिसले. वाटाघाटी झाल्या, जबर किंमत मोजली गेली आणि किनारा परत घेतला गेला. मुंबई बंदराच्या दीडशे वर्षांच्या आखणीतला सगळ्यांत शहाणा निर्णय मी यालाच म्हणेन. त्यानंतरच्या गोद्या, रेल्वे, गोदामे, सगळे काही या खरेदीमुळे शक्य झाले.

ही खरेदी झाली तो क्षणही पाहण्यासारखा आहे. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला. पुढच्या चार महिन्यांत, मार्च १८७० मध्ये, जबलपूरला रेल्वेचे रूळ जुळले आणि मुंबईहून थेट कलकत्त्यापर्यंत गाडी जाऊ लागली. बोरघाट १८६३ मध्ये, थळघाट १८६५ मध्ये फुटला होता, १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोहोचली होती. म्हणजे वऱ्हाड-खानदेशाचा कापूस रुळांवरून मुंबईत येत होता आणि युरोपची आगबोट आफ्रिकेला वळसा न घालता मुंबईत येत होती. दोन्ही वाटा एकदम रुंद झाल्या आणि त्या जिथे मिळत होत्या तो मधला शंभर पावलांचा चिखल मात्र तसाच होता.

चिखल हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. ओहोटीला किनाऱ्यालगत काळा गाळ उघडा पडे. मोठी जहाजे दूर, खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत. त्यांच्याजवळ मचवे आणि पडाव जात, गासड्या आणि पोती त्यांत उतरत, मग भरती साधून पडाव एखाद्या बंदरावर लागत. कर्नाक बंदर, मशीद बंदर, क्लेअर बंदर, बोरीबंदर अशी ही छोटी छोटी बंदरे. काही सरकारी, काही खाजगी. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य या पाठारे प्रभू गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतःच्या हिमतीवर बांधलेला भाऊचा धक्का त्यांतलाच. त्याचे नाव आजही आपल्या तोंडी आहे, जागा मात्र बदलली आहे. प्रत्येक बंदराचा मालक निराळा, दर निराळा, हिशेब निराळा. पावसाळ्यात लाटांवर हेलकावणाऱ्या पडावात गासडी उतरवताना ती भिजणार, फुटणार किंवा बुडणार हे गृहीतच धरलेले असे. शिडाच्या जहाजाला आठवडाभर थांबणे परवडत होते. कोळसा जाळून येणाऱ्या आगबोटीला एकेक दिवस महाग पडू लागला.

म्हणून २६ जून १८७३ रोजी मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. टांकसाळीचे प्रमुख कर्नल बॅलार्ड त्याचे पहिले अध्यक्ष. ट्रस्टच्या हाती एल्फिन्स्टन कंपनीकडून घेतलेली जमीन होती, पण किनाऱ्यावर इतर खाजगी बंदरे शिल्लक होतीच, आणि त्याच सुमारास कुलाब्याला ससून घराण्याच्या पेढीने स्वतःची गोदी उभी केली. ८ जून १८७५ रोजी सुरू झालेली ही ससून गोदी पश्चिम भारतातली पहिली बंदिस्त गोदी. सरकारच्या आधी एका व्यापारी पेढीने ती बांधली, हे त्या पेढीच्या धाडसाला शोभणारे होते. पण ट्रस्टला धास्ती वेगळी होती. बंदर चालवणारे दोघेतिघे झाले तर दर पाडण्याची चढाओढ लागते, आणि पुढच्या वीस वर्षांच्या बांधकामासाठी लागणारा पैसा कोणाकडेच जमत नाही. १८७९ मध्ये ट्रस्टने ससून गोदी विकत घेतली. एकेक करून बाकीची बंदरेही घेतली. आज ससून गोदीत पहाटे मासळीचा लिलाव चालतो, बर्फाच्या लाद्या फुटतात, कोळणी पाट्या भरतात. तिथला मूळ माल कापूस होता.

ट्रस्टची स्वतःची पहिली मोठी गोदी प्रिन्सेस डॉक. नोव्हेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली, १ जानेवारी १८८० रोजी ती वापरात आली. अभियंते होते थॉमस ऑर्मिस्टन. बंदिस्त गोदीचे तंत्र सांगायला सोपे आणि बांधायला महाकठीण. किनाऱ्यालगत एक प्रचंड हौद खणायचा, त्याच्या भिंती दगडी चिऱ्यांनी बांधायच्या, आणि समुद्राच्या बाजूला भक्कम दरवाजे बसवायचे. भरतीला दरवाजे उघडतात, जहाजे आत-बाहेर होतात. ओहोटी लागण्याआधी दरवाजे बंद. बाहेरचे पाणी उतरले तरी आतले जागच्या जागी राहते, जहाज धक्क्याला लागून स्थिर उभे असते, आणि यारीने उचललेली गासडी थेट धक्क्यावर ठेवता येते. मध्ये पडाव नाही, लाट नाही. सुमारे तीस एकरांचा हा हौद होता.

तो खणताना एक विलक्षण गोष्ट हाती लागली. गाळाचे थर काढत मजूर खोल गेले तेव्हा खाली झाडे सापडली. वाहून आलेली लाकडे नव्हेत, तर जमिनीत मुळे रोवून उभी असलेली झाडे. पावणेचारशेहून अधिक बुंधे मोजले गेले, त्यांतले निम्म्याहून जास्त उभे होते आणि बाकीचे आडवे. लाकूड खैराचे. कधीकाळी तिथे कोरडी जमीन होती, तिच्यावर खैराचे रान होते, मग ती जमीन खचली आणि समुद्र तिच्यावर पसरला. पुढे अलेक्झांड्रा डॉकच्या खोदकामातही अशी झाडे मिळाली. मुंबईचा किनारा म्हणजे माणसाने समुद्राकडून हिसकावलेली जमीन, असे आपण सरसकट म्हणतो. त्या किनाऱ्याच्या पोटात समुद्राने त्याआधी गिळलेले रान होते. भूशास्त्रज्ञांनी त्यावर लिहिले, ठेकेदारांनी बुंधे काढून टाकले, काम पुढे गेले.

प्रिन्सेस डॉक लवकरच अपुरी पडली. शेजारी व्हिक्टोरिया डॉक खणली गेली, ती १८८८ मध्ये सुरू झाली. या गोद्यांची प्रवेशद्वारे एकापुढे एक ठेवून पाहिली की त्या काळाची घाई नजरेत भरते. प्रिन्सेसचे मोठे द्वार ६६ फूट रुंद, व्हिक्टोरियाचे ८०, आणि १९१४ च्या अलेक्झांड्राचे १००. जहाजे इतक्या वेगाने फुगत होती की दगडात बांधलेली चौकट पंधरा-वीस वर्षांत अरुंद ठरे. दगडी बांधकाम मोडून रुंद करता येत नाही. नवी गोदी बांधणे एवढाच उपाय उरतो. त्यामुळे ट्रस्टच्या अभियंत्यांना आजच्या जहाजाचे माप घेऊन चालत नव्हते. अजून कुणी बांधलेच नाही त्या जहाजाचे माप धरावे लागे.

आणि इथेच, शतक पालटताना, त्यांना आणखी एक गोष्ट कळली. ही गोष्ट कळायला त्यांना तीस वर्षे लागली, आणि दुसरीकडे कित्येक बंदरांना ती अजून कळलेली नाही. गोदी भरते ती पाण्याच्या बाजूने नाही, जमिनीच्या बाजूने. धक्क्यावर उतरलेला माल तासाभरात हलला नाही तर पुढच्या जहाजाचा माल उतरवायला जागा राहत नाही, मग यारी थांबते, मग जहाज थांबते. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरियातून निघालेला माल बैलगाड्यांवर चढे आणि मांडवी, मशीद बंदरच्या गल्ल्यांतून रांगत जाई. कापसाच्या गासड्या कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवर उघड्यावर रचलेल्या. धान्य मांडवीच्या वखारींत, माणसांच्या खोल्यांना खेटून. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये प्लेगचे पहिले रुग्ण याच मांडवीत, धान्याच्या वखारींच्या दाटीत सापडले. बंदराचा माल आणि शहराची वस्ती एकाच गल्लीत कोंबल्याची किंमत शहराने हजारो जिवांनी मोजली.

१९०४-०५ पासून हाती घेतलेल्या योजनेत म्हणूनच गोदी हा फक्त एक भाग होता. अलेक्झांड्रा डॉक, सुमारे पन्नास एकरांची. तिला साध्या दरवाजाऐवजी ७५० फूट लांबीचे दुहेरी दारांचे जलपाश, म्हणजे जहाज आत घेऊन पाण्याची पातळी चढवणारी-उतरवणारी खोली. आता भरतीचा मुहूर्त गाठण्याची सक्ती उरली नाही. शेजारी हजार फूट लांबीची ह्यूजेस सुकी गोदी, जहाजांच्या दुरुस्तीसाठी. खोदकामातून निघालेल्या मातीने बावीस एकरांचा भराव झाला आणि त्यावर जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. पण या सगळ्याहून मला मोलाचे वाटते ते उत्तरेकडचे काम. १९०८ ते १९१२ या काळात माझगाव ते शिवडी या पट्ट्यात ५८३ एकर जमीन समुद्रातून उचलली गेली. तिच्यावर धान्याचे, कापसाचे, कोळशाचे, मँगनीजचे आगार आखले गेले. आणि गोद्यांपासून वडाळ्यापर्यंत पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे टाकली गेली, तिथे ती जीआयपी आणि बीबीसीआय या दोन्ही रेल्वेंना जोडली. २१ मार्च १९१४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी अलेक्झांड्रा डॉकचे उद्घाटन केले. १ जानेवारी १९१५ रोजी ट्रस्टची रेल्वे सुरू झाली. गोदी आणि रूळ यांच्यात अंतर पडले ते अवघ्या नऊ महिन्यांचे.

हार्बर लाईनने जाणाऱ्या प्रत्येकाने ही योजना खिडकीतून पाहिली आहे. रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा. कुलाब्याचा कापसाचा बाजार विसाच्या दशकात उचलून शिवडीच्या भरावावर आणला गेला, आणि त्याबरोबर नावही तिकडून इकडे आले. रुळांच्या पूर्वेला दिसणारी लांबच लांब गोदामे, पत्र्याची छपरे, दगडी भिंती, हे सगळे एका हाताने, एका नकाशावर आखलेले आहे. ते शक्य झाले, कारण कुलाब्यापासून शिवडीपर्यंतचा जवळजवळ सगळा पूर्व किनारा एकाच संस्थेच्या नावावर होता. एल्फिन्स्टन कंपनीला दिलेले पैसे चाळीस-पन्नास वर्षांनी असे वसूल झाले.

या नकाशात एक जमात मात्र कुठेच नव्हती, ती म्हणजे माल उचलणारी. सातारा, जुन्नर, रत्नागिरी, गोवा, आंध्र, उत्तर हिंदुस्थान अशा ठिकाणांहून आलेले गोदी कामगार टोळीवाल्याच्या मर्जीवर रोज सकाळी उभे राहत. जहाज लागले तर काम, नाही तर फाके. यारी गासडी धक्क्यावर ठेवी, तिथून गोदामापर्यंत ती माणसाच्या पाठीवरून जाई. ट्रस्टने इंचाइंचाने जहाजाच्या रुंदीचा अंदाज बांधला, पण जहाज नसेल त्या दिवशी कामगाराने खायचे काय याचा अंदाज बांधायला स्वातंत्र्य यावे लागले. १९४८ चा गोदी कामगार कायदा आणि १९५१ ची मुंबईतली योजना यांनी रोजंदारीला पहिल्यांदा थोडी शाश्वती दिली. गोदी कामगारांच्या लढ्यातले पी. डिमेलो यांचे नाव आज गोद्यांना समांतर जाणाऱ्या रस्त्याला आहे. तो पूर्वीचा फ्रिअर रोड, एल्फिन्स्टन कंपनीच्या भरावावर टाकलेला.

१४ एप्रिल १९४४ विषयी मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या एकत्र होत्या. दुपारी आग लागली, चारनंतर अर्ध्या तासात दोन स्फोट झाले. शेकडो माणसे मेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, आणि प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या उद्ध्वस्त झाल्या. हजारो हातांनी सात महिन्यांत त्या पुन्हा उभ्या केल्या. पूर्वी होत्या तशाच उभ्या केल्या, हे मात्र नोंदवायला हवे. युद्ध चालू होते, नवा विचार करायला सवड नव्हती. पण त्याबरोबर १८८० ची मापे पुढच्या पिढीच्याही वाट्याला आली.

साठच्या दशकात पुन्हा तेच घडले. जहाजे दिवसेंदिवस खोळंबू लागली आणि या वेळी मागे सरकायला जागा नव्हती, कारण पोर्ट ट्रस्टच्या जमिनीभोवती शहर घट्ट आवळले गेले होते. या कोंडीचे उत्तर खाडीपलीकडे होते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून पलीकडच्या किनाऱ्यावर जुळे शहर मांडले, १९७० मध्ये ते वसवायला सिडको आली, आणि उरण तालुक्यात न्हावा-शेवा इथे नवे बंदर ठरले. २६ मे १९८९ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते ते सुरू झाले. कंटेनरसाठी मुळापासून आखलेले हे बंदर काही वर्षांतच देशातले पहिल्या क्रमांकाचे कंटेनर बंदर झाले. १९९९ मध्ये तिथे देशातले पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल सुरू झाले. पाण्याच्या बाजूने पाहिले तर ही सफळ योजना आहे, यात शंका नाही.

जमिनीच्या बाजूचा हिशेब वेगळा आहे. १९१५ मध्ये गोदीमागे नऊ महिन्यांत रूळ आले होते. न्हावा-शेव्याला कंटेनरच्या ट्रकांच्या रांगा उरण-पनवेलच्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसल्या, आणि दिल्लीकडे जाणाऱ्या खास मालवाहू रेल्वेमार्गाचा या बंदराला जोडणारा टप्पाच सगळ्यांत शेवटपर्यंत रखडला. त्याहून खोल जखम आधीची आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात, आपल्या जमिनींचा योग्य मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य करवून घेतले गेले. देशभरच्या भूसंपादनात आज त्याचा दाखला दिला जातो. शेव्याचे कोळी मात्र उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात बसवले गेले आणि त्या घरांना वाळवीने पोखरले. बंदर सुरू होऊन तीन दशके उलटली तरी ते पुन्हा पुनर्वसन मागत होते. ज्या आराखड्यात जहाजाला किती फूट पाणी लागेल याचा हिशेब आहे, त्यात माणसाच्या घराखालची जमीन कशी आहे हे पाहायला कुणी गेले नाही.

इकडे जुन्या बंदराचे काम ओसरत गेले. या शतकाच्या सुरुवातीला प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या बुजवण्यात आल्या. समोरच्या पाण्यात कंटेनरचा धक्का बांधायचा आणि त्यामागे कंटेनर रचायला जागा हवी म्हणून. ज्या खड्ड्यातून ऑर्मिस्टनच्या मजुरांनी खैराची झाडे काढली, तो परत सपाट झाला. ठरलेला कंटेनर व्यवसाय तिथे काही उभा राहिला नाही.

आता आखणी सरकली आहे ती आणखी उत्तरेला, डहाणू तालुक्यात वाढवणला. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तिथे सुमारे वीस मीटर खोल पाणी नैसर्गिकरीत्या मिळते. मुंबई-न्हावाशेव्याच्या जलमार्गात मोठ्या जहाजांपुरती खोली राखायला सतत गाळ उपसावा लागतो. हे ठिकाण नव्वदच्या दशकातच हेरले गेले होते. पण १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला होता, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे प्राधिकरण नेमले गेले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदराला नकार दिला. पाव शतकानंतर, २०२३ मध्ये, त्याच प्राधिकरणाने सशर्त संमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. प्रत्येकी हजार मीटरची नऊ कंटेनर टर्मिनल, दहा किलोमीटरहून लांब लाटारोधक बंधारा, आणि समुद्रात १,४४८ हेक्टरचा भराव.

हा भरावाचा आकडा नीट पाहायला हवा. माझगाव-शिवडीच्या ५८३ एकरांच्या सहापट जमीन इथे पाण्यातून उचलायची आहे. बंदरासाठी गावांची जमीन घेत नाही, समुद्रातच नवी जमीन करतो, असे आखणी करणारे सांगतात. १९८४ चा धडा त्यांनी असा घेतला आहे. रस्ता आणि रेल्वे यांच्यासाठी जमीन लागणारच, पण तिथे निदान सातबारा असतो, मोजणी होते, मोबदल्यावर भांडता येते. ज्या पाण्यात १,४४८ हेक्टरचा भराव पडणार आहे त्यात वाढवण, वरोर, धाकटी डहाणूचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकत आले आहेत. कोणत्या खडकाजवळ कोणत्या महिन्यात कोणती मासळी लागते, कोणत्या गावाच्या कवी, म्हणजे जाळी लावायच्या ठरलेल्या जागा, कुठवर, हे त्यांना पाठ आहे आणि महसुली दफ्तरात यातले काहीही नाही. १८७० मध्ये सरकारला किनारा परत घेताना निदान विकणारा कोण हे ठाऊक होते, त्याच्याजवळ कागद होता. डहाणूच्या समुद्रावर कुणाचा किती हक्क, याची गावोगाव बसून नोंद करणे अवघड नाही. ती भराव पडण्याआधी व्हायला हवी, कारण नंतर ते खडक दाखवायला शिल्लक राहणार नाहीत.